दोन विमानतळांमधलं आकाश : लिव्हरमोर ते ऑशकॉश

गुरुवार

लिव्हरमोर विमानतळाचा सकाळी ७:५३चा मेटार, म्हणजे हवामानाची नोंद : वारा २५० अंशांकडून ५ नॉट, दृश्यमानता १० मैल, १,१०० फुटांवर पूर्ण ढगाळ, तापमान १४, दवबिंदू ११. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती राहणाऱ्यांना जुलैची ही सकाळ पाठ असते. थंड पॅसिफिकवरून ढगांचा थर रात्री आत सरकतो, डोंगरांमध्ये अडकून बसतो आणि वरची गरम हवा झाकण घातल्यासारखी त्याला दाबून धरते. ऊन चढलं की तो विरतो. प्रश्न एवढाच, की किती वाजता?

मी आणि माझा मामेभाऊ क्लबचं सेसना १७२ घेऊन विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला निघालो होतो. जुलैच्या अखेरीस तिथे एअरव्हेंचर हा विमानांचा मेळा भरतो आणि अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून छोटी विमानं हजारोंनी तिथे उतरतात. दादाचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना यंत्रांवर उडायचा परवाना, आहे, पण सध्या त्याचा सराव नाही आणि माझ्याकडे ते रेटिंग नाहीच. म्हणजे सगळा प्रवास व्हीएफआर, बाहेर डोळ्यांनी दिसतंय तोवरच. अशा प्रवासात हवामानाचे कागद आधी आणि नकाशा नंतर.

मेटार म्हणजे विमानतळावर आत्ता काय आहे त्याची नोंद. इथे ती तासाला एक, साधारण त्रेपन्नाव्या मिनिटाला होते. मधेच हवा बिघडली तर स्पेसी नावाची जादा नोंद निघते. मुंबईचा मेटार दर अर्ध्या तासाला येतो, त्यात दृश्यमानता मीटरमध्ये असते आणि शेवटी पुढच्या दोन तासांचा कल दिलेला असतो. टॅफ हा अंदाज : २४ किंवा ३० तासांचा, दिवसातून चार वेळा. पण तो विमानतळाभोवतीच्या पाच मैलांपुरताच असतो. नकाशावर एकेका टॅफभोवती पाच मैलांचं वर्तुळ काढून बघा, म्हणजे अमेरिकेचा पश्चिम भाग किती रिकामा राहतो ते दिसेल. आम्हाला जायचं होतं त्या रिकाम्या भागातून.

ओकलंडहून पहाटे सोडलेल्या हवामानाच्या फुग्याने ढगांचा थर पातळ असल्याचं दाखवलं होतं. साडेदहाला भोकं पडायला लागली, पावणेअकराला आम्ही वर होतो.

पुढे सिएरा नेवाडा. डॉनर खिंडीच्या पश्चिमेला ब्लू कॅनियनचा मेटार मिळतो आणि पूर्वेला ट्रकीचा. दोन्हीकडे आकाश निरभ्र, वारा मंद. पण खिंडीच्या माथ्यावर हवा कशी वागतेय, ते या दोन्हींत नसतं. डोंगरमाथ्यावर वारा २५ नॉटच्या वर गेला, की पलीकडच्या बाजूला हवेच्या लाटा उठतात आणि आमच्यासारख्या विमानाला त्या मिनिटाला हजार फूटसुद्धा खाली खेचू शकतात. वरच्या वाऱ्यांचा अंदाज ९,००० फुटांवर १५ नॉट, १२,००० वर १८ नॉट. चालण्यासारखा. तरी माझं समाधान झालं ते एका पायरेपने. पायरेप म्हणजे उडणाऱ्या वैमानिकाने दिलेला रिपोर्ट. अर्ध्या तासापूर्वी एक सेसना १८२ खिंडीवरून ११,५०० फुटांवर गेलं होतं आणि त्याने एवढंच कळवलं होतं : हलके हादरे, वर-खाली ओढ नाही.

कोण होता तो, कुणास ठाऊक! पण त्याने दहा सेकंद खर्च केले नसते, तर माझ्याकडे त्या माथ्याबद्दल फक्त अंदाज असता. आम्हीही ११,५०० वरून पलीकडे गेलो. दादा म्हणाला, "आता तुझी पाळी." मी ओकलंड सेंटरला, म्हणजे विमानांच्या नियंत्रण केंद्राला, आमचा रिपोर्ट दिला : हलके हादरे, तापमान अमुक, वाटेत ढग नाहीत. याआधी मी पायरेप वाचायची खूप, द्यायची क्वचितच. फ्रिक्वेन्सीवर मोठी विमानं बोलत असतात, मधेच आपण काय बोलायचं, असं वाटायचं. कंट्रोलर मात्र चक्क आभार मानून मोकळा झाला.

विनेमकाला इंधन भरलं. एल्कोपर्यंत वणव्याचा धूर होता. मेटारमध्ये धुराची खूण होती आणि दृश्यमानता ५ मैल. उतरलो तेव्हा सूर्य तांबडा दिसत होता.

शुक्रवार

एल्कोहून पहाटे. बॉनविलचं पांढरं मीठ, ग्रेट सॉल्ट लेक, वॉसाच पर्वत. या वाटेवर एकोणीसशे वीसच्या दशकात टपालाची विमानं उडायची आणि त्यांना दिशा कळावी म्हणून जमिनीवर काँक्रीटचे मोठाले बाण बांधले होते. त्यातले काही अजून आहेत. आम्हाला एक दिसला.

वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्जला सकाळी उतरलो. विमानतळाची उंची ६,७६५ फूट. जेवून पुढे जायचा बेत होता, पण दुपारी एकला तापमान ३० अंश झालं. त्या उंचीवर प्रमाण तापमान दीड अंश धरतात. फरक साडेअठ्ठावीस अंशांचा, दर अंशाला १२० फूट, म्हणजे हवेचा दाब प्रमाण धरला तर विमानाच्या दृष्टीने धावपट्टी १०,००० फुटांच्याही वर! याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, पंखांची उचल कमी, पंख्याचा जोर कमी. सकाळी सातला १५ अंश असताना हाच आकडा साडेआठ हजारांच्या आत असतो. तेच विमान, तीच धावपट्टी, फरक फक्त घड्याळाचा.

पण मी थांबले ते दुसऱ्या आकड्यामुळे. तापमान ३०, दवबिंदू २. दोन्हींतला फरक अडीचने भागला, की ढगांचा तळ हजार फुटांत साधारण मिळतो. इथे आला अकरा हजार फूट, तोही जमिनीपासून. इतक्या उंच तळाच्या ढगातून पाऊस पडला, तर तो खाली पोचायच्या आतच सुकतो. सुकताना हवा गार करतो आणि ती गार, जड हवा धाडकन जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. कोरडा मायक्रोबर्स्ट. मेटारमध्ये यातलं काय दिसतं? ढगांची उंची मोजणारं यंत्र म्हणजे सरळ वर बघणारा लेझर. १२,००० फुटांपर्यंतच बघतो आणि डोक्यावरून जे सरकेल तेवढंच मोजतो. शेजारच्या डोंगरावर काळा ढग उभा राहिला तरी यंत्र म्हणतं, निरभ्र.

तीनच्या सुमारास नैर्ऋत्येला ढगाखाली पावसाच्या करड्या झालरी लोंबायला लागल्या, जमिनीपर्यंत न टेकणाऱ्या. आम्ही विमान तीन ठिकाणी साखळीने बांधलं, सुकाणू अडकवलं. वारा २४० अंशांकडून ९ नॉट होता. आधी एकदम पडला. मग धावपट्टीच्या पलीकडे धूळ उठली आणि ती भिंत आमच्याकडे यायला लागली. वायुपिशवी फिरली, ताठ झाली. दादाने मोबाइलवर स्पेसी दाखवला : ३२० अंशांकडून २६, झोत ३९ नॉट. पाऊस एक थेंब नाही. वीस मिनिटांत पुन्हा ऊन आणि मंद वारा. नंतर नुसता तासाचा मेटार वाचणाऱ्याला मधल्या वीस मिनिटांचा पत्ता लागेल तो फक्त शेवटच्या शेऱ्यांमधून, जिथे सर्वांत जोराचा झोत आणि त्याची वेळ लिहिलेली असते. अनेक जण शेऱ्यांपर्यंत वाचतच नाहीत. मला तर मेटारचा तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

शनिवार

सकाळी ६:५३चे दोन मेटार. लॅरमी : निरभ्र, १० मैल, ९ अंश, दवबिंदू ४. शायेन : अर्धा मैल, धुकं, २०० फुटांवर पूर्ण ढगाळ, १३ अंश, दवबिंदू १३. दोन्ही गावं वायोमिंगमध्येच, मधे एक डोंगररांग आणि विमानाने पाऊण तासाहूनही कमी अंतर.

पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. दादाने मामांना फोन लावला. मामांची सगळी नोकरी पुण्याच्या वेधशाळेत, सिमला ऑफिसात झाली; निवृत्त होऊनही त्यांची चौकशी तीच.

"वारा कुठून आहे ते आधी सांग," मामा म्हणाले.

"लॅरमीला पश्चिमेचा. शायेनला ०९० कडून १०."

"मग झालं तर. पूर्वेचा वारा चढ चढतोय. खंडाळ्याला काय होतं? तेच."

अगदी तेच. नेब्रास्काच्या मैदानातली ओलसर हवा २,८०० फुटांवरून शायेनच्या ६,१६० फुटांपर्यंत चढते, हजार फुटांना तीन अंश गार होत जाते आणि दवबिंदूला पोचली की तिचं धुकं होतं. पलीकडे लॅरमीला ती पोचतच नाही. कोकणातून घाट चढणारा पावसाळी वारा पाहिलेल्या माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. मामांनी पुढे विचारलं, "वारा वळायचा अंदाज कधीचा?" टॅफमध्ये होतं : नऊपासून वारा दक्षिणेचा, ढग १,५०० फुटांवर तुटक. "मग नऊच्या आधी तिकडे जाऊन काय करणार? आणि धुकं राहिलंच तर लॅरमीला उतरा. अप्पूला सांग, इंधन मोजून घे म्हणावं." अप्पू म्हणजे मी.

सव्वाआठला निघालो. डावीकडे मैदान, उजवीकडे बर्फाचे शेवटचे ठिपके राहिलेली शिखरं, समोर एल्क माउंटन. लॅरमी दिसायला लागल्यावर शायेनची फ्रिक्वेन्सी लावली. २०० फूट तळाचं धुकं आता ८०० फुटांवर विरळ आणि १,४०० वर तुटक झालं होतं. वारा १६०. शर्मनचा माथा ओलांडला तेव्हा पूर्वेला पांढरी चादर होती, पण तिचे तुकडे होत चाललेले आणि फटींतून शायेनच्या धावपट्ट्या दिसत होत्या. टॅफ एवढा तंतोतंत उतरला की मी दादाला म्हटलं, हा लिहिणाऱ्याला भेटून नमस्कार करायला हवा. इथल्या प्रत्येक विभागीय हवामान कार्यालयाची एक सविस्तर टिपण्णीही निघते. अंदाज लिहिणारा माणूस तीत साध्या भाषेत सांगतो, की मला कशाची खात्री वाटते आणि कशाची नाही. टॅफच्या सांकेतिक ओळींमागचं मन त्यात वाचता येतं. मी आता टॅफच्या आधी ती टिपण्णी वाचते.

इंधन, सँडविच, पुन्हा उड्डाण. दुपारी नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटला उतरलो. सकाळपासून जमीन हळूहळू चार हजार फूट खाली आली होती आणि हवा दमट झाली होती.

रविवार

नॉर्थ प्लॅट : निरभ्र, १० मैल, वारा ६ नॉट. आणि आम्ही दिवसभर जमिनीवर.

सांगायला सोपं वाटतं, पण विमानतळावर लख्ख ऊन असताना न उडणं फार कठीण असतं. पूर्व नेब्रास्का आणि आयोवावर दोन वेगळ्या हवांमधली एक सीमा आडवी पडली होती आणि तिच्यावर सकाळपासूनच गडगडाटी ढगांची रांग होती. मैदानातली ही वादळं रात्रीही झोपत नाहीत. मेक्सिकोच्या आखातावरून येणारा दमट वारा जमिनीलगत रात्रीच जास्त जोराने वाहतो आणि त्यांना खाऊ घालतो. कॅन्सस सिटीच्या एव्हिएशन वेदर सेंटरकडून दर तासाला, ५५व्या मिनिटाला, कन्व्हेक्टिव्ह सिग्मेट, म्हणजे गडगडाटी वादळांचे इशारे, निघत होते. एकेकाची मुदत दोन तास. फोनवरच्या ब्रीफिंगमध्ये बाईंनी रांगेचे कोपरे, ती सरकण्याची दिशा, ढगांचे माथे सगळं वाचून दाखवलं आणि ठरलेलं वाक्य उच्चारलं, की व्हीएफआर उड्डाणाची शिफारस नाही. निर्णय मात्र वैमानिकाचा.

मी म्हटलं, "दादा, पूर्वेला ग्रँड आयलंड गावापर्यंत तरी जाऊ. तिथून बघू."

"तिथे काय बदलणार आहे?"

"रांगेत ही फट दिसते ना."

"ही फट कधीची आहे?"

प्रश्न बरोबर होता. विमानात टॅब्लेटवर जे रडारचं चित्र मिळतं, त्यावर लिहिलेलं असतं, दोन मिनिटं जुनं, चार मिनिटं जुनं. ते वय अनेक रडारांची माहिती जोडून केलेल्या चित्राचं. त्यातली रडारची माहिती पंधरा-वीस मिनिटं जुनी असू शकते. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, २०१२ मध्ये नेमकी हीच सूचना काढली होती, कारण वैमानिक फट बघून आत शिरत होते आणि तोवर तिथे ढग पोचलेला असे. तीव्र वादळापासून वीस मैल लांब राहायचं, हा नियम पुस्तकात आहे. दोन वादळांमधून जायचं तर चाळीस मैलांची फट हवी. नकाशावर बोट ठेवून मोजलं. नव्हती.

दुपारी एक बोनान्झा विमान परत आलं. सकाळी आमच्यासमोरच पूर्वेला गेलं होतं. त्याच्या वैमानिकाने वाटेतूनच पायरेप दिला होता : रांग सलग, माथे चाळीस हजारांच्या वर, दक्षिणेकडूनही वाट नाही, मागे फिरतोय. खाली उतरल्यावर तो फोनवर पुन्हा तेच, अधिक तपशिलात, सांगत बसला. त्या रिपोर्टनंतर आमच्या रांगेतली आणखी दोन विमानं साखळीने बांधली गेली, हे मी पाहिलं. रडार, उपग्रह, टॅफ सगळं सकाळपासून हेच सांगत होतं. पण जाऊन बघून आलेल्या माणसाने सांगितल्यावर ते पटलं.

नॉर्थ प्लॅटला अडकण्यात मला एक समाधानही होतं. २२ फेब्रुवारी १९२१ च्या रात्री जॅक नाइट नावाचा टपाल-वैमानिक इथूनच निघाला होता. टपाल रात्रीही हवेतून जाऊ शकतं हे दाखवायचा तो प्रयोग. नेवाडात एक वैमानिक त्यात दगावलाही होता. नाइट उघड्या कॉकपिटच्या डीएच-४ मधून ओमाहाला गेला. वाटेत लोकांनी शेकोट्या पेटवून ठेवल्या होत्या. ओमाहाला पुढचा वैमानिक नव्हता, म्हणून पुढच्या वाटेची ओळख नसताना, खराब हवेत, आयोवा सिटीमार्गे शिकागोला तोच गेला. ते टपाल सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला ३३ तास २० मिनिटांत पोचलं. पुढची हवा कशी आहे हे त्याला सांगू शकणारं आकाशात कुणीही नव्हतं. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, तेव्हाही पस मॉथमध्ये रेडिओ नव्हता. संध्याकाळी पूर्वेच्या क्षितिजावर, शंभर मैलांवरून, विजा चमकताना दिसत होत्या. नॉर्थ प्लॅटचा मेटार अजून म्हणत होता, निरभ्र.

सोमवार

रांग रात्रीतून आग्नेयेला सरकली. मागे राहिलं पाणी. सकाळी आयोवाचा नकाशा लाल-निळ्या ठिपक्यांनी भरलेला : लाल म्हणजे ढगांचा तळ हजार फुटांच्या आत किंवा दृश्यमानता तीन मैलांच्या आत, निळा म्हणजे त्याहून थोडं बरं. दवबिंदू २३. आयोवाचा मका जुलैत जमिनीतलं पाणी एवढं हवेत सोडतो, की दवबिंदू खरंच वर चढतो. तापमान २४, दवबिंदू २३. फरक एक अंश, म्हणजे ढग चारशे फुटांवर. तापमान २८ झालं की दोन हजार. आम्ही त्या चार अंशांची वाट पाहत दहापर्यंत थांबलो. एकेक ठिपका निळा होत हिरवा झाला.

मेसन सिटीला उतरलो. पलीकडेच क्लिअर लेक. ३ फेब्रुवारी १९५९ ला बडी हॉली, रिची व्हॅलन्स आणि जे. पी. रिचर्डसन हे गायक याच विमानतळावरून मध्यरात्रीनंतर निघाले आणि काही मैलांवर त्यांचं विमान कोसळलं. वैमानिक एकवीस वर्षांचा होता, त्याला इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं. हवामानाचे दोन तातडीचे इशारे निघालेले होते आणि ब्रीफिंगमध्ये ते त्याला सांगितले गेले नाहीत. चौकशी अहवालाने ब्रीफिंगमधल्या या गंभीर त्रुटींची नोंद अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून केली. माहिती तयार होती, फक्त ती ज्याला हवी त्याच्यापर्यंत गेली नाही. मी तिथल्या बाकावर बसून हे सगळं पुन्हा वाचलं आणि मला फार वाईट वाटलं.

विस्कॉन्सिनवर ढग खाली होते. मुक्काम मेसन सिटी.

मंगळवार

ऑशकॉशचा टॅफ : दहापर्यंत १,२०० फुटांवर तुटक ढग, नंतर ३,००० वर. मधल्या दोनशे मैलांत मात्र मिसिसिपीचं खोरं. ला क्रॉसला नदीवर सकाळी धुकं साचतं. विमानतळ खोऱ्यातच, त्यामुळे मेटार धुकं सांगतो. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर ते असतं की नाही, हे त्यावरून कळत नाही. पायरेप शोधले. त्या पट्ट्यात एकही नव्हता. शेकडो विमानं ऑशकॉशच्या दिशेने चाललेली, आणि एकही नाही!

साडेनऊला निघालो, मागे फिरायचा मुद्दा आधीच ठरवून. मिसिसिपी आली तेव्हा धुकं नदीच्या पात्रापुरतंच उरलं होतं, पांढऱ्या पट्ट्यासारखं वळणं घेत गेलेलं. टेकड्या पूर्ण मोकळ्या. दादाने विमान सांभाळलं, मी रेडिओवर वैमानिकांना हवामान सांगणाऱ्या फ्लाइट सर्व्हिसला सगळं सांगितलं : कुठे, किती वाजता, किती उंचीवर, धुक्याचा माथा अंदाजे किती, टेकड्यांवर ढगाचा तळ किती. माणसाने ते परत वाचून दाखवलं. पाच-सहा मिनिटांत टॅब्लेटवरच्या नकाशावर ला क्रॉसच्या शेजारी खूण उमटली. आमची.

शेवटचा टप्पा : रिपन गावापासून रेल्वेचे रूळ धरायचे. १,८०० फूट, ९० नॉट, पुढच्या विमानाच्या अर्धा मैल मागे, एकामागोमाग एक. फिस्कच्या गावावर कंट्रोलर खालून दुर्बिणीने बघून विमानाच्या रंगावरून हाक मारतात. उत्तर तोंडाने द्यायचं नाही, पंख हलवायचे. दादाने पंख हलवले. "छान हलवलेत," खालून आवाज आला. आम्हाला धावपट्टीवरच्या हिरव्या ठिपक्यावर उतरायला सांगितलं. ढग तेव्हा २,८०० फुटांवर होते. टॅफ दोनशे फुटांनी चुकला होता, आणि मला त्या लिहिणाऱ्याचं कौतुकच वाटलं.

गवतावर विमान बांधून होतंय तोच शेजारच्या रांगेतल्या पायपर विमानातून एक आजोबा उतरले, मिनेसोटाहून आलेले. म्हणाले, ला क्रॉसवर धुकं होतं म्हणून थांबणार होतो, पण कुणाचा तरी पायरेप आला, टेकड्या मोकळ्या आहेत म्हणून. मी सांगितलं, तो आमचा. त्यांनी मग तळाच्या उंचीबद्दल विचारलं. त्यांना ती आमच्यापेक्षा तीनशे फूट कमी मिळाली होती, विस्कॉन्सिन नदीच्या आसपास. "ते कळवलंत का?" दादाने विचारलं. नव्हतं कळवलं. त्यांनी तिथेच खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि फोन लावला.